चीनच्या लेकरासाठी गाऱ्हाणं

पुस्तक हातात घेतलं की काका आधी वंशावळीचं पान शोधत. ते नसेल तर पुस्तक परत माझ्या टेबलावर. "घर कोणाचां ताच समाजना नाय, तर वाचूचां काय कप्पाळ?"

आचऱ्याजवळच्या आमच्या वाचनालयात मी बावीस वर्षं पुस्तकं देते-घेते. तऱ्हेवाईक वाचक तुम्हीही पाहिले असतील. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणारे असतात, पाककृतीचं पान हळूच फाडून नेणारे असतात. पण काजूच्या बागेतून उठून थेट चीनच्या क्रांतीत शिरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्याचं असं झालं. कुणा मुंबईकराने घर आवरताना पुस्तकांची खोकी आमच्याकडे पाठवली. त्यात चार पुस्तकं चिनी घरांच्या आठवणींची होती, मराठीत आणलेली. कुणा नातीने आजीबद्दल लिहिलेलं, कुणा मुलाने बापाबद्दल. आणि चारही पुस्तकांत पहिल्याच पानावर वंशावळ! काका खूश. (मी त्यांना काकाच म्हणायची.) क्रांती, पक्ष, पुढारी यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढाऱ्याचं भाषण आलं की चार पानं सरळ उलटायचे. "हो बोलतलो, आणि उपाशी रवतली ती म्हातारी. तिचां सांग माका."

एका पुस्तकात सैन्याबरोबर पायी निघालेली बाई आपलं तान्हं मूल वाटेतल्या शेतकऱ्याच्या घरी ठेवून पुढे जाते. त्या मुलाचं काय झालं, हे लिहिणारीलाही ठाऊक नाही. काका आठ दिवस अस्वस्थ. "बाय गो, तुझ्या त्या मोबाईलात बघ मगो." बघितलं. कुठे काय मिळायला!

आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान काकांच्या घराकडे. त्या सोमवारी भातशेती झाली, गुरंढोरं झाली, मुंबईचे चाकरमानी झाले, तरी काका थांबेनात. "आणि म्हाराजा, चीन देशात एक लेकरू परक्याच्या घराक ठेवलेलां आसा. तेका खंय असात थंय सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले, आणि मग एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी पदर तोंडात कोंबला. पण घरी जाताना त्या माणसाची फार माया आली, खरं सांगते.

चौथ्या पुस्तकाने मात्र घोळ केला. त्यात मुलगा भर सभेत उभा राहून बापावर आरोप करतो, निदान बाकीचं घर तरी वाचावं म्हणून. ते नेल्यावर काका पंधरा दिवस फिरकले नाहीत. आले ते पुस्तक परत न करता बाकावर बसले.

"मी पण असोच सभेत उभो रवललंय गो."

गावात उडतउडत ऐकलेलं आता त्यांच्या तोंडून सगळं कळलं. वीस वर्षांमागे मान थोरल्या भावाकडे होता. एकदा पालखी वाटेत असताना त्याची मुलगी तापाने फणफणली, आणि तो पालखी सोडून घरी धावला. मुलगी बरी झाली, पण गावाची सभा बसली. मान घरातून जाईल या भीतीने काका उठले आणि म्हणाले, चूक एकट्या भावाची, घराची नाही. मान घरात राहिला, काकांकडे आला. थोरला मात्र बिऱ्हाड उचलून कसालला गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

"आख्ख्या गावासाठी गाऱ्हाणां घालतंय. चीनच्या पोरासाठी घातलंय. भावाचां नाव घेवक जीभ उचलना नाय."

"मग जा की त्यांच्याकडे!"

"जावन बोलू काय?" मग तेच म्हणाले, "ह्यां पान वाचून दाखयतंय. तू येशीत काय? एकट्याक धीर नाय."

गेलो. स्कूटरवर मागे काका, मांडीवर पुस्तक. थोरले पडवीत बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत आलेले, त्यामुळे दिसणं अंधुक.

"कोण?"

"मी. पुस्तक वाचून दाखवूक इलंय."

थोरल्यांनी आवाज ओळखला. उठून आत मात्र गेले नाहीत. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराआड उभ्या राहिल्या.

काकांनी वाचायला घेतलं. सभेचं पान आलं आणि थांबले. बोट त्याच ओळीवर राहिलं.

"थांबलंस कित्याक? वाच."

वाचलं. अडखळत, पण एकही ओळ न गाळता.

"तेचो बापूस जगलो काय रे मगे?"

"जगलो. धा वर्षांनी घराक इलो."

"सभेत उभो रवललो तो झिल व्हतो घरात?"

"व्हतो."

थोरल्यांनी दाराकडे तोंड केलं. "अगो, तांदूळ जास्ती घाल. हो आज जावचो नाय."

मी निघते म्हटलं, ते काकांना ऐकूच गेलं नाही. एका हाताने डोळे पुसत ते पुढचं पान वाचत होते. मी एकटीच परत फिरले, आणि कसालचा बाजार मागे पडेपर्यंत स्कूटरवर वेड्यासारखी हसत होते.