धुळ्याला ठेवलेली डिस्क

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, गोष्टींत आजोबा सगळ्यांची नावं घेतात. माझं का नाही घेत?" तिनं ते रडून विचारलं नाही, सहज विचारलं. मी म्हटलं, नीट लिहून पाठवते. हे तिच्यासाठी आहे. तिला अजून मराठी वाचता येत नाही, तेव्हा मोठ्यांनी तिला वाचून दाखवावं.

आजोबा निवृत्त झाल्यावर तुमच्यासाठी संगणकावर गोष्टी बोलून ठेवायला लागले. त्यांच्या लहानपणच्या, गावाकडच्या. प्रत्येक गोष्ट एकेका नातवंडाचं नाव घेऊन सुरू व्हायची. जळगावच्या उन्हाळ्यात यंत्र कधी दगा देईल याचा भरवसा नसतो, म्हणून वर्षातून एकदा ते संगणकाची पूर्ण प्रत काढत. नुसत्या फायलींची नाही. विंडोज, सगळे प्रोग्रॅम, सेटिंग, पडद्यावरचं चित्रसुद्धा, म्हणजे मांडलेला संसार जसाच्या तसा. उद्या यंत्र मेलं तर नव्या डिस्कवर ती प्रत उतरवायची आणि काल उठलो तिथून पुढे काम सुरू करायचं. बंद पडलेलं यंत्र चालू करायला लागणारा पेनड्राइव्हही त्यांनी मला दाखवून ठेवला होता.

ही प्रत ते घरात ठेवत नसत. माझ्या सासरी दादरचं, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचं, निवडक बियाणं दोन घरांत ठेवायची रीत होती. एका घराला आग लागली किंवा कीड पडली तर दुसऱ्या घरचं पेरता यावं. आजोबांनी तीच रीत डिस्कला लावली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी त्यांची बहीण, तुमची आत्याआजी, दर वर्षी धुळ्याहून आमच्याकडे यायची. येताना जुनी डिस्क आणायची, जाताना नवी प्रत घेऊन जायची. सांजोऱ्यांच्या डब्यात ठेवू नकोस, तूप लागेल, असं आजोबा तिला दर वर्षी बजावत. तीही दर वर्षी ऐकवायची, "लोकेसना भाऊ लुगडं देतस, मना भाऊ डबी देस." लुगडं अर्थात तिला मिळालेलं असायचंच.

परत आलेली जुनी डिस्क घरच्या संगणकाला जोडलेली असे. तिच्यावर नव्या फायली आठवड्याला आपोआप उतरत.

धाकटे, तू श्रावणात जन्मलीस. तुझा फोटो आला त्याच आठवड्यात आजोबा तुझ्यासाठी गोष्ट बोलायला बसले. मी स्वयंपाकघरात होते. तुझं नाव त्यांनी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा माइक बंदच होता. थंडीत आजोबा गेले.

चैत्रात एका दुपारी वीज गेली आणि झटक्यानं परत आली. यूपीएसची बॅटरी उन्हानं फुगून आधीच निकामी झाली होती. संगणक बंद पडला, त्याला जोडलेली डिस्कही गेली. दुकानदारानं पाहून सांगितलं की वीज पुरवणारा भाग बदलला की यंत्र चालेल, पण दोन्ही डिस्क वाचता येत नाहीत. मी त्या पुण्याला पाठवल्या. तिथूनही नाही असंच उत्तर आलं. राहिली धुळ्याची डिस्क.

आत्याआजीला फोन केला, तर ती आखाजीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी बसनं आली. डिस्क तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. ती लगेच हातात दिली नाही. आधी विचारलं, "वहिनी, मना भाऊ शे ना यामा?"

मी म्हटलं, "मागच्या आखाजीपर्यंतचे आहेत."

दुकानदारानं जुन्याएवढीच मोठी नवी डिस्क बसवून दिली होती. पेनड्राइव्ह आणि धुळ्याची डिस्क लावून मी यंत्र सुरू केलं. नव्या डिस्कवर जे असेल ते पुसलं जाईल, अशी इंग्रजीत सूचना आली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं, तरी होकार द्यायला मला वेळ लागला. मग हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. आत्याआजी शेजारी बसून तिच्याकडेच बघत होती. तिला मधे चहा दिला, तो निवून गेला.

पडदा उघडला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी लावलेलं तापीच्या पुलाचं चित्र, उजव्या कोपऱ्यात गोष्टींचा फोल्डर. मी पहिली गोष्ट लावली. आजोबा तुमच्यातल्या थोरल्याला हाक मारत होते. आत्याआजीनं पदर तोंडाशी धरला, आणि म्हणाली, "इतलं गोड मनासंगे कधी बोलना नही हाऊ."

मी मात्र खाली खाली जात शोधत होते. प्रत आखाजीची, तुझा जन्म श्रावणातला. त्या संगणकात आजोबा होते, पण तू अजून जन्मलेली नव्हतीस. हे मला आधी समजत नव्हतं असं नाही. डोळ्यांनी बघितल्यावर ते पटलं. मी फोल्डर बंद केला. पुढे आलेल्या आखाजीला आम्ही दोघींनी आजोबांच्या नावानं पितरांची घागर भरली, आणि आत्याआजी नवी प्रत घेऊन धुळ्याला गेली.

तेव्हा धाकटे, आजोबांनी तुझं नाव घेतलं होतं. तुझी गोष्ट केळीच्या बागेत हरवलेल्या वासराची होती. सगळीकडे सारखीच झाडं, सारखीच पानं, त्यामुळे वासराला बाहेर पडायची वाट सापडेना. आजोबा तेव्हा लहान होते. ते बांधावर गप्प बसून त्याच्या गळ्यातली घंटी ऐकत राहिले. ते बसले इथवर मी ऐकलं. मग कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. वासरू सापडलं असणार असं मला वाटतं, पण आजोबा तसं म्हणाले का, ते मी सांगू शकत नाही.

मोठ्या तिघांच्या गोष्टी आजोबांच्या आवाजात आहेत. त्यांची एक प्रत जळगावला आहे, एक धुळ्याला. धाकटीची गोष्ट त्यांच्या आवाजात राहिलेली नाही. मी ऐकली तेवढी ती वर लिहिली आहे.