रडून दाखव

"रडून दाखव," सर म्हणाले.

बारावीचा वर्ग. मी फळ्यापाशी उभी. माही वेणी सरच्या मुठीत, दुसऱ्या हातात लाकडाचा रूळ. समोर समदे पोट्टे-पोट्टी बसलेले. प्रत्येकाच्या बाकावर एकच कादंबरी, अन् एकच पान उघडलेलं.

महागावपासून आमचा तांडा सायकलनं अर्धा घंटा. तांड्यातून बारावीत मी एकटीच. मराठीच्या पेपरले एक जुनी कादंबरी होती. लय थोर म्हणे. तिच्यातल्या माणसायची स्वभावचित्रं पाठ करा लागत. मालक उदार. मालकीण सोशिक. गडी इमानी. अन् एक लमाणीण, आमच्याच जातीची. तिले नावच नाही, नुसती लमाणीण. थे मालकाचा हार चोरते, सापडते, अन् मार पडाच्या आधी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. सरच्या नोट्समधी लिवलं होतं : लमाणीण चोरटी, ढोंगी, कांगावखोर. खाली दोन रेघा.

आता आयका. असं रडणं आमच्या तांड्यात हाय. त्याले ढावलो म्हणतात. नवरी सासरी निंगाली का मायच्या, बापाच्या, शेजारणीच्या, एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. मले कायले धाडता, माही बकरी कोण चारन, समदं त्यात सांगते. लेखकानं कुठंतरी थे आयकलं असंल. अन् नवरीचं रडणं उचलून चोरीत खुपसलं. इतकी वर्षं पोट्टे थे पाठ करून राह्यले, पण बाप्पा, कोणी विचारलं नाही का चोर कधी सुरात रडते काय म्हणून.

हे मले फळ्यापाशीच ठाऊक होतं. तरी मी रडली.

हाव, रडली. लपवून काय फायदा? तोंडी परीक्षेचे मार्क सरच्या हातात. सरच्याच वावरात माही याडी, म्हणजे माही माय, कापूस वेचे. बापानं साफ सांगतलं होतं, बारावी निंगाली तं नर्सिंग, नाही तं मांडव. अन् केस मुळापासून उपटून राह्यले होते. म्हणून रडली. अन् कोणाचं रडणं रडली? माह्या मोठ्या बहिणीचं. महिन्याआधीच थे सासरी गेलती. तिचाच सूर, तिचेच शब्द, तिचाच हुंदका.

पोट्टे बाक बडवून हासले. एकानं मोबाइलात घेतलं.

"शाब्बास!" सर म्हणाले. "आता ही व्यक्तिरेखा कोणी विसरणार नाही."

मी जागेवर जाऊन बसली. मले बरं वाटलं होतं. शाब्बास भेटलं म्हणून बरं वाटलं! त्या बरं वाटण्यावर मी आजबी थुकते.

व्हिडिओ माह्या आधी तांड्यात पोचला. दारात याडी उभी होती. तिनं चुलीपासचं लाकूड उचललं अन् पाठीवर, पोटऱ्यांवर, जिथं लागंल तिथं हाणलं.

"तिकडं तुही बहीण नवऱ्याचा मार खाऊन राह्यली," थे म्हणाली, "अन् तू तिचं रडणं लोकायले हासाले देलं?"

बहिणीचा मार मले तवा पयल्यांदा कळला. मी हात आडवा नाही केला. थो मार माह्या हक्काचा होता.

मंग सराव परीक्षा आली. प्रश्न होता : लमाणीण ढोंगी आहे, हे सोदाहरण स्पष्ट करा. नोट्स मले तोंडपाठ होत्या. पेन उचललं तं बहिणीचं तोंड समोर आलं. मी लिवलं, ही बाई ढोंगी नाही. लेखकाला ढावलो कळला नाही. बाईला मार पडणार हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती रडते. दीड पान लिवलं.

सरनं थे वर्गात मोठ्यानं वाचलं. एकेका ओळीवर थांबून, हासून. मंग मले फळ्यापाशी बोलावलं.

"तुह्या जातीनं कधी पुस्तक शिवलं होतं काय? अन् तू लेखकाच्या चुका काढून राह्यली?"

हात पुढं कराले लावला. रूळ बोटांच्या पेरांवर. एक. दोन. चौथ्याले नख फाटलं, अन् रक्त माह्याच उत्तरावर टपकलं.

"रड आता. त्या दिवशी रडली तसं रड."

"नाही रडत."

त्यानं वेणीले हात घातला. मी त्याचं मनगट दातात धरलं अन् रक्ताची चव येईस्तोवर सोडलं नाही. रूळ पडला. थो मी दोन बाकांवर आडवा ठेवला अन् लाथ हाणली. पयल्या लाथेत नाही मोडला. दुसरीत मोडला.

"तुमच्या घरची पोरगी असती," मी म्हणली, "तं तिलेबी रडून दाखव म्हणले असते काय, सर?"

वर्गात कोणी हासलं नाही. कोणी माह्या बाजूनं उठलंबी नाही. थे ध्यानात ठेवलं हाय मी.

दुसऱ्या दिवशी याडीले निरोप आला, वावरात येऊ नको. तोंडी परीक्षेत त्यानं मले उडवलं. बोर्डाच्या पेपरात थीच लमाणीण आली. मी पुन्हा माहंच उत्तर लिवलं. मराठीत मी पडली. बापानं पोरगा पाहाले सुरुवात केली. याडी उंबऱ्यात आडवी उभी राह्यली अन् म्हणाली, "आधी पेपर." दोघायचं भांडण अजून मिटलं नाही. बहीणबी अजून तिथंच हाय.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म मी भरला हाय. फाटलेलं नख वाकडं उगवलं, पण पेन धरता येते. थो प्रश्न पुन्हा आला तं मी थेच लिहीन. नापास करा, पुन्हा लिहीन. अन् आता कोणी रडून दाखव म्हणलं, तं पयल्याच लाथेत मोडीन.