मतं मिळालेले इतर

आमच्या दाजींसारखा माणूस अख्ख्या अरबस्तानात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ न पडलेलीच बरी. कारण दोघं एकत्र आले तर सूर्य-चंद्रालासुद्धा दर आठवड्याला नंबर देऊन मोकळे होतील. दम्मामच्या बाहेर, जिथं शहर संपतं आणि पिवळसर काहीतरी सुरू होतं, तिथं आमचा कॅम्प. पहाटे बस निघते तेव्हा कुणीच पुरतं जागं नसतं. काचांना टेकवलेली डोकी, बाहेर धुळीचा पडदा, त्या पडद्याआड प्लँटच्या चिमणीवरची ज्योत. आपण कामाला चाललोय की अजून झोपेतच आहोत, हे निम्म्या वाटेपर्यंत कळत नाही. अशा वेळी, मंगळवार असेल तर, पुढच्या सीटवरून दाजींचा आवाज येणारच. "मंडळी, रेडे याही आठवड्याला बाहेरच हायत बरं का." मग एक लांब उसासा. मग बस पुन्हा झोपेत.

हे रेडे म्हणजे अमेरिकेतल्या, गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातल्या ज्युनिअर कॉलेजचा फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. त्यांचा, अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचा आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं, तो. दाजींनी त्या संघाचा एकही सामना धड पाहिलेला नाही. खेळाचे नियम विचारले तर म्हणायचे, "त्यात काय, ढकलाढकली." त्यांचा जीव फक्त नंबरात. त्या कॉलेजांच्या संघांची क्रमवारी तिकडं हंगामात दर आठवड्याला निघते. तिथली जाणती माणसं मतं देतात, पहिल्या पंधरांची नावं लागतात आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: 'मतं मिळालेले इतर'. दाजींचे रेडे त्या ओळीतसुद्धा क्वचित दिसायचे. म्हणजे कराडजवळच्या एका खेड्यातला पाइप फिटिंगचा फोरमन सौदीत बसून अमेरिकेतल्या ज्यांना कुणी विचारत नाही अशा पोरांसाठी उसासे टाकतोय. बोला आता!

दाजी माझ्या चुलतबहिणीचे, आक्काचे यजमान. मला इथं स्टोअरात चिकटवलं त्यांनीच, त्यामुळं त्यांचं सगळं ऐकून घेणं मला भाग होतं. या वेडाचं मूळ विचाराल तर एक गोरा इन्स्पेक्टर. जुन्या प्रोजेक्टवर तो दाजींची वेल्डिंगची जोडकामं तपासायचा. दाजींचं इंग्रजी 'टाइट', 'लूज' आणि 'नो प्रॉब्लेम' यापुढं जात नव्हतं आणि साहेबाचं हिंदी 'अच्छा'वर संपत होतं. पण दोघांची गट्टी अशी, की चहाला एकमेकांवाचून बसायचे नाहीत. साहेब तरुणपणी त्या रेड्यांच्या संघात खेळलेला. मंगळवारी चहाच्या सुट्टीत तो मोबाइल उघडून क्रमवारी बघायचा, आणि मग एकतर टोपी जमिनीवर आपटायचा नाहीतर दाजींना मिठी मारायचा. जाताना त्यानं ती टोपी दाजींच्या डोक्यावर ठेवली. निळी, वर डोंगराएवढ्या खांद्यांच्या रेड्याचं चित्र. "आमच्या पोरांवर लक्ष ठेव, म्हनला," असं दाजी सांगायचे. तो खरं काय म्हणाला देव जाणे! पण दाजींनी शब्द घेतला तो घेतला.

ज्युनिअर कॉलेज म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं आपली अकरावी-बारावी. "आरं, बारावीचं वर्स आन पोरं मैदानात? आईबाप बोलत न्हाईत व्हय?" मी समजावलं, की दाजी, तिकडचं कॉलेज निराळं, ही बारावी झालेली दांडगी पोरं आहेत. ते मान हलवायचे आणि फेब्रुवारी आला की पुन्हा विचारायचे, "आता परीक्षा असंल न्हवं त्यांची?"

बरं, रेड्यांवर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण दाजींना क्रमवारीची गोडीच लागली. मेसमधले पदार्थ, खोल्यांमधले एसी, बसचे ड्रायव्हर, संडासांचे नळ, कशालाच त्यांनी सोडलं नाही. सगळं तोंडी, मंगळवारी बसमध्ये. आमचा पेशावरचा खानड्रायव्हर गिअर टाकता टाकता मागं न बघता विचारायचा, "उस्ताद, आज मेरा नंबर?" "तीन. पिछले हफ्ते स्पीड ब्रेकर पे कमर तोड दिया तुम." घसरलेल्या नंबराची लाज वाटून खान आठवडाभर बस अशी चालवायचा की कपातला चहा हलत नसे.

मेसचा मल्याळी स्वयंपाकी मात्र चिडका. त्याचं सांबार अकराव्यावर गेलं तेव्हा त्यानं दाजींच्या ताटात तीन दिवस फक्त रस्सा वाढला, फोडी नाहीत. पुढं तो सुट्टीवर गावी गेला. बदली आलेल्यानं डाळ अशी केली की खडे वेगळे आणि डाळ वेगळी मोजून घ्यावी. मंगळवारी दाजींनी जाहीर केलं, "सांबार, पयला नंबर!" मी म्हटलं, "अहो दाजी, स्वयंपाकीच नाही, सांबार झालेलंच नाही!" तेव्हा त्यांनी मला गुरुजींच्या थाटात समजावलं, "तिकडं बी असंच असतंय. मधी एक आठवडा संघाला सुट्टी असती, त्याला बाय म्हनत्यात. रेडे घरी बसल्यात, आन दुसरे हरलं, की रेड्यांचा नंबर वाढला. न खेळता!" हे 'न खेळता' म्हणताना त्यांचा चेहरा बर्फाचा गोळा हातात मिळालेल्या पोरासारखा व्हायचा.

शुक्रवारी सुट्टी. संध्याकाळी आम्ही दोघं कंपनीच्या गाडीनं दम्मामला समुद्रावर जायचो. तिथला समुद्र गरीब, लाटांचा आवाजही दबका. दाजी टोपी घालून कठड्यावर बसायचे आणि पाण्याकडं बघत बोलायचे. "तिकडं आता सकाळ असंल. गवावर दव पडलं असंल. पोरं उठली असत्याल. हिरव्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारत असंल कोन तरी." एकदाही न बघितलेलं ते गाव ते इतकं सावकाश सांगायचे की मलाही दिसायला लागायचं. पाठीमागं धुळीत सूर्य बुडायचा, समोरचं पाणी पितळेच्या रंगाचं व्हायचं, आणि त्या पितळेवर मला गव्हाची शेतं डोलताना दिसायची. त्या शेतांच्या पलीकडं कराडचा ऊसही दिसायचा. कुठला देश कुठं संपतोय याचा पत्ता लागायचा नाही. मला त्या संध्याकाळी फार आवडायच्या, हे मी दाजींना कधी सांगितलं नाही.

अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, की दाजी, तुम्हाला यात काय मिळतं हो? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी धावीत नापास झालो. गावानं त्या दिवशी माझा नंबर लावला, त्यो आजून तसाच हाय. घर बांधलं, लेकीचं लगीन केलं, पोराला इंजनेर केलं. तरी कट्ट्यावर 'नापाश्या' तो 'नापाश्या'च. आन तिकडं बघ. हरलास? हरू दे. मंगळवारी पुन्हा नवीन नंबर. मागल्या आठवड्याचं मागल्या आठवड्यात." मी त्यांना शेंगदाण्याची पुडी दिली.

आक्काला हे सगळं फोनवर ऐकावं लागायचं. पण आमची आक्का काही कमी नव्हे. एका शुक्रवारी तिनं स्वतःच तिच्या घरातली क्रमवारी सांगितली. पहिली म्हैस. दुसऱ्या शेजारच्या काकू. तिसरा, नळाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा शिपाई. चौथा मिक्सर.

"आगं, मिक्सर मीच पाठवलाय की हितनं!" दाजी ओरडले.

"म्हणून तर मिक्सरला नंबर दिलाय."

"आन मी?"

"तुम्ही कुठं मैदानात हाय?" आक्का म्हणाली. "जो खेळायलाच आला न्हाई त्याला नंबर कसला?"

"आगं, निदान मतं मिळालेले इतर?"

"न्हाई."

दाजी हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून ते दर शुक्रवारी फोनच्या शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखं दाखवत, "काय, यादी काय म्हनतीया?" असं विचारायचे, आणि आक्का म्हशीपासून मांजरीपर्यंत सगळी यादी वाचायची. त्यात ते नसायचे. वीस-बावीस वर्षं वर्षाला एक महिना घरी जाणारा माणूस यादीत बसवायचा तरी कुठं? फोन ठेवल्यावर ते म्हणायचे, "माझा बाय चालू हाय रं. मोठा बाय."

मग साठी उलटली आणि कंपनीनं इकाम्याचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण करायचं नाही असं कळवलं. खलास. कायमचं घरी. कॅम्पात अशा माणसाला सगळे मुबारक म्हणतात. दाजीही सगळ्यांना हसून हात मिळवत होते, पण रात्रीच्या जेवणात त्यांनी सांबाराला नंबर दिला नाही तेव्हा मी ओळखलं, की माणूस घाबरलाय. समुद्रावर त्यांनी ते बोलून दाखवलं. "आरं, हितं मला सगळे इचारत्यात. घरी तिला माझ्याबिगर सगळं जमतंय. सवय झालीया तिला. मी जाऊन बसू कुठं? मिक्सरच्या मागं?" मग शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं करत, "तू जरा आक्काला इचारून बघ की. अंदाज घे."

मी फोन केला. आक्का म्हणाली, "तुला काय करायच्यात रं नसत्या चौकशा? स्टोअर सांभाळ." मी दाजींना सांगितलं, की लाइन मिळाली नाही.

त्यांना सोडायला विमानतळावर खाननं बस इतकी अलगद नेली की मी त्याला तिथल्या तिथं पहिला नंबर दिला असता. स्वयंपाक्यानं सांबाराचा डबा दिला होता, तो आत न्यायला परवानगी नाही म्हटल्यावर दाजींनी दारातच उभं राहून संपवला. "पयला नंबर," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. निळी टोपी डोक्यावर, गाठोडी दोरीनं करकचून बांधलेली, असे ते गेले. वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं, पण समजलंही.

घरी पहिले काही आठवडे त्यांनी गोंधळच घातला. अर्ध्या आखाताचं तेल ज्यांच्या पाइपांतून वाहतं, त्यांच्या स्वतःच्या मोरीतला नळ सगळी वर्षं गळत होता. तो त्यांनी दुरुस्त केला. पण आपल्या पद्धतीनं. आधी नकाशा, मग दाबाची चाचणी. त्या चाचणीत काकूंच्या घराचंही पाणी गेलं आणि भिंतीच्या दोन फरश्या निखळल्या. वर आक्काच्या भाजीला चौथा नंबर दिला. आक्कानं दोन दिवस अबोला धरला. मी शुक्रवारी फोन केला की दाजी हळू आवाजात म्हणायचे, "न्हाई रं अजून. इतरांत बी न्हाई."

आणि मग एका शुक्रवारी त्यांचाच फोन आला. आवाज इतका मोठा, की खोलीतले सगळे उठून बसले.

"आलो! यादीत आलो!"

"कितवा, दाजी?"

"पंधरावा!"

"चौदावं कोण?"

"मांजर. पर तिचं काय खरं न्हाई, म्हातारी झालीया. फुडल्या आठवड्यात मागं टाकतो बघ तिला!"

मी म्हटलं, "नळामुळं ना?" त्यांनाही तसंच वाटत होतं. मग फोन आक्कानं घेतला आणि परसात जाऊन मला म्हणाली, "नळाचं नाव नको काढूस. सकाळी मी उठायच्या आधी चहा ठेवला हुता ह्यांनी. पाकासारखा गोड. पर ठेवला हुता." "एवढ्या वर्सांत माझ्यासाठी कुनी चहा ठेवला न्हवता रं," म्हणाली, आणि मला सांगून ठेवलं, की हे त्यांना बोलायचं नाही, डोक्यावर बसतील.

फोन पुन्हा दाजींकडं आला. मी मुद्दाम राखून ठेवलेली बातमी दिली, "दाजी, रेड्यांना मतं मिळाली या आठवड्यात! इतरांत नाव आलंय!"

"कोनाचं?" दाजी म्हणाले. मागून आक्का कशासाठी तरी हाक मारत होती. "आलो आलो! ठेव रं, नंतर बोलू."

आता मंगळवारी रेड्यांची काळजी मी करतो. दुसरं कोण करणार? पहाटे बस निघते, धूळ तशीच, ज्योत तशीच, आणि अर्धवट झोपेत मी मोबाइल उघडून बारीक अक्षरांतली ती ओळ शोधतो. खान मागं न बघता विचारतो, "भाई, मेरा नंबर?" मी काहीतरी सांगतो. समुद्रावर शुक्रवारी एकटाच जातो. परवा तिथं कठड्यावर बसून सांगलीला बायकोला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, पोराची फी झाली, पाऊसपाणी झालं. मग, अगदी सहज विचारल्यासारखं, मी म्हटलं, "का गं, तुझ्या घरात समजा नंबर लावले, तर मी कितवा?"

ती हसली. म्हणाली, "तुम्ही आधी या तर खरं."

समोरचं पाणी हळूहळू पितळेचं होत होतं. गव्हाची शेतं दिसतात का म्हणून मी बराच वेळ बघत बसलो. माझा बाय अजून चालू आहे.