तीन घरं आणि एक रिकामा प्लॉट

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. भाड्याचं घर बघत फिरणाऱ्याचे हाल मात्र कुणी म्हणीत घातलेले नाहीत. ते केरबाला विचारावेत. दसऱ्याच्या आत त्याला शहरातल्या गारखेडा भागातली खोली सोडायची होती, कारण मालकाच्या पोराचं लग्न ठरलं होतं. दर रविवारी बायको आशाला आणि माय कस्तुराबाईला घेऊन तो घरं बघत हिंडायचा. म्हातारीला कशाला वणवण, असं आशाला वाटे. पण जागा बघण्यात मायचा हात धरणारं कुणी नाही, हे केरबाला पक्कं ठाऊक होतं.

चाळीस वर्षं तिनं तेच केलं होतं. मेंढरं घेऊन नवरा मल्हारी पुढं, घोड्यावर बिऱ्हाड लादून ही मागं. पावसाळा कन्नडच्या डोंगरात, दिवाळीनंतर गोदाकाठाला. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. कुणाच्या रानात बसायचं ते मल्हारी ठरवी, पण तळ नेमका कुठं पडायचा हा कारभार कस्तुराबाईचा. पाणी किती लांब, वारा कुठला, चारा कसला, मालक तोंडाचा कसा, हे ती उभ्या उभ्या सांगे. मग चुलीचे तीन दगड मांडी. चूल मांडली की जागा आपली झाली, तिथं दुसरा कळप येत नसे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि केरबानं तिला शहरात आणलं. मल्हारी आला नाही. धाकट्या पोराला, सांडूला घेऊन तो मेंढरांमागंच राहिला. मागल्या दोन्ही दिवाळ्यांना कळप बायपासवरून गेला, पण गाड्यांच्या गर्दीत थांबायला जागाच नव्हती. रस्त्याच्या कडेला उभं राहून ती त्याच्याशी चार शब्द बोलली, तेवढीच भेट. तिला त्याची फार आठवण यायची. या वयात तसं कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून ती गुडघे दुखतात म्हणायची.

पहिलं घर गारखेड्यातच, दुसऱ्या मजल्यावर होतं. आशा कामाला जायची तो दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि गच्चीवर मोठी टाकी, म्हणजे नळाला आठ दिवसांनी पाणी आलं तरी भागणार. आशा तिथंच पदर खोचून कामाला लागायची बाकी होती. पण मालकीण म्हणाली, पाहुणेरावळे मुक्कामाला चालणार नाहीत. कस्तुराबाईनं नाक मुरडलं. "वाराच नाय वो इथं," एवढंच बोलली.

दुसरं चितेगावला, केरबाच्या कंपनीजवळ. भाडं कमी, बोअरला पाणी, पण आशाला दवाखाना गाठायला दोन गाड्या बदलाव्या लागणार. ते तिनं उंबऱ्यातूनच नापास केलं.

तिसरं बायपासच्या पलीकडं, बद्रीनाथ पाटलांचं. खाली दोन खोल्या, रिक्षा दारापर्यंत येत नाही, पावसाळ्यात चिखल, बोअर फाल्गुनापर्यंतच आणि पुढं टँकर. आशानं एकेक खोट मोजून दाखवली. पण शेजारी पाटलांचाच रिकामा प्लॉट होता, कडेला एक कडुलिंबाचं झाड.

"वारा लई ग्वाड हाय," कस्तुराबाई म्हणाली.

"वारा प्यायचाय का, आत्याबाई?" आशा.

"टँकर येतो म्हनत्यात की."

"अन् चिखल?"

"चिखल कुठं नाय?"

आशानं कपाळाला हात लावला आणि ती मोरी बघायला गेली. केरबा भाड्याचं बोलून बाहेर आला, तर माय पाटलांना विचारत होती, "दिवाळीनंतर दोन रोज मेंढरं बसली तर चालंल का?"

"बसवा की. लेंडी काय कुणाला जड झाली? रानात टाकीन," पाटील हसले. ते मूळचे शेतकरीच.

केरबाची नजर लिंबाखाली गेली. तिथं तीन दगड मांडले होते. त्यानं खिशातून आगाऊ रक्कम काढून पाटलांच्या हातावर ठेवली. आशा दोन दिवस धुसफुसली आणि तिसऱ्या दिवशी भांडी बांधायला लागली.

दिवाळी गेली. कस्तुराबाई रोज लिंबाखाली झाडायची आणि तिथंच बसून कान रस्त्याकडं लावायची. आठवडा झाला तरी कळपाचा पत्ता नव्हता. मग एका मंगळवारी दुपारी मल्हारी काळीपिवळी जीपमधून उतरला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि एकटाच.

"मेंढरं?"

"पाचोडला बसवली. बायपासला गाड्या लई, म्हनून लांबच्या वाटंनं नेली. सांडू हाय तिथं."

"मी इथं जागा धरली व्हती. मालकालाबी इचारलं व्हतं."

मल्हारीनं प्लॉटवर नजर फिरवली. वाकून एक रोप उपटलं आणि तिच्यापुढं धरलं. गाजरगवत. या कडेपासून त्या कडेपर्यंत तेच माजलेलं, आणि मेंढरू त्याला तोंड लावत नाही.

"चारा बगितला नाय का गं?"

चाळीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं, विचारायची वेळच आली नव्हती. तिनं वारा बघितला, मालक बघितला, सावलीत तो कुठं टेकेल तेही बघितलं. चारा बघितला नाही, कारण जागा तिनं मेंढरांसाठी बघितलीच नव्हती.

"नाय बगितला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मल्हारीनं रोप टाकून दिलं. मग दगडांशेजारी घोंगडी अंथरून तो बसला. "चूल मांडलीच हाय, तर च्या ठेव."

आशानं खिडकीतून सगळं बघितलं होतं. तिनं भांडं, दूध, साखर आणि चार काटक्या आणून ठेवल्या आणि ती गुमान आत गेली.

दुपारभर दोघं तिथंच बसली.

"इथं किती रोजाची वस्ती?" निघताना त्यानं विचारलं.

"अकरा महिने. कागद केलाय केरबानं."

"अकरा महिने एका जागी!" त्यानं मान हलवली आणि तो चारच्या जीपनं गेला.

संध्याकाळी केरबा कामावरून आला, तर माय दारातच बसली होती.

"केरबा, कागद कवा सरतो रं?"

"भादव्यात. का गं, माय?"

तिनं बोटांवर महिने मोजले.

"मंजी कळप यायच्या आधी. बरं झालं. फुडलं घर चारा बगून धरू."