लाखोरीच्या कानावर

"डोयानं पायलं का?"

एवढं विचारायचे, आणि उजव्या हाताच्या बोटानं डोळ्याखालची कातडी खाली ओढायचे. लाल डोळा दिसायचा. समोरचा माणूस कितीही तावातावानं आलेला असो, तो डोळा पाहिला की अर्धा थंड व्हायचा.

आमच्या गावच्या तलावाचं पाणी ते वाटायचे. आमच्याकडे अशा माणसाला पाणकर म्हणतात. धान निसवायच्या वेळेला पाऊस दडी मारतो, तेव्हा कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती पाणी सोडायचं हे पाणकर ठरवतो. त्यांच्या आज्यापणज्यांनी तो तलाव बांधला, म्हणून हे काम त्यांच्या घरातच होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात सगळे पाणकरच म्हणत.

त्या दिवसांत त्यांच्या आंगणात रोज कुणी ना कुणी भांडत यायचा.

"पाणकर, त्यानं रात्री माहा पाट फोडला जी!"

"डोयानं पायलं का?"

"नाही जी, पन तोच असल."

"असल म्हनजे? जाय, पाहून ये."

तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेल. लोक त्याला कंटाळतात आणि त्याच्याशिवाय त्यांचं चालतही नाही.

माझं घर त्यांच्या घराला लागून. गावच्या नात्यानं ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भासऱ्याशी बाई सरळ बोलत नाही. समोर आले तर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. मी चौथीपर्यंत शिकले, नवरा गेल्यावर दोन एकर धान एकटीनं केलं, गावात कुणाला भीत नाही. पण हा नेम चाळीस वर्षं पाळला. का पाळला ते विचारू नका. सवय.

मग बोलायचं कसं? आधी आम्ही भिंतीला सांगायचो. मग त्यांच्याकडे घोडी आली तेव्हा घोडीला सांगू लागलो. ती म्हातारी होऊन मेली, तेव्हा तिची पोर गोठ्यात होती. लाखोरीच्या डाळीच्या दाण्यासारखा मळकट भुरा रंग, म्हणून तिचं नाव लाखोरी.

एका वर्षी माझी बांधी वाळली. मी लाखोरीजवळ उभी राहून म्हणाले, "लाखोरे, सांग तुह्या मालकाले, माह्या बांधीत पानी नाही. धान पिवरा पडून राहिला."

ते खाटेवरून म्हणाले, "लाखोरे, इचार तिले, पाट कोनं अडवला ते डोयानं पायलं का?"

"नाही पायलं."

"मंग तिले म्हनाव, पाहशील तवा ये."

लाखोरी दोघांच्या मधे तणस चावत होती. मी चिडून घरी आले. त्या वर्षी निम्मं धान पोचट निघालं.

तलावाची पाळ लांब आहे. पावसाळ्यात तिच्यावर फटफटी चालत नाही, चाक रुततं. म्हणून ते घोडीवरून फिरायचे. लाखोरीला त्यांनी स्वतः शिकवलं. पाळीवर पाणी सोडायच्या सात जागा आहेत. प्रत्येक जागेशी डाव्या हाताला एक सपाट गोटा टाकलेला. घोडी तिथं थांबायची, ते त्या गोट्यावर उतरायचे, खाली जाऊन चिखलाचा बांध बाजूला करायचे. पाणी खळखळ वाहू लागलं की घोडी कान टवकारायची. ते वर येऊन बसायचे आणि ती पुढच्या जागेकडे चालू लागायची. लगाम ओढावा लागत नसे, टाच मारावी लागत नसे. सहा वर्षांचं जनावर, पण कामात म्हाताऱ्या माणसासारखं.

लोक म्हणायचे, पाणकरांनी घोडीला काय शिकवलं! मलाही तेव्हा तेवढंच दिसलं.

मग ते पडले.

मी जवळच्या बांधीत निंदा, म्हणजे तण, काढत होते. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता आणि चौथ्या जागेजवळ पाळीचा काठ खचला होता. लाखोरी तिथं आली आणि नेहमीच्या गोट्याच्या दोन पावलं अलीकडे थांबली. त्यांनी टाच मारली. ती हलली नाही. "काऊन थांबली व?" असं त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं. मग ते डाव्या बाजूला उतरले. तिथं गोटा नव्हता. नुसता उतार होता, दगडांचा. त्यांनी गोटा असल्यासारखा पाय टाकला आणि सरळ खाली गेले.

लगाम त्यांच्या हातात होता. तो ताणला गेला, घोडीची मान खाली ओढली गेली, तरी तिनं पाय उचलला नाही. तशीच उभी राहिली.

मी ओरडले. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवरची माणसं धावत आली. खाली माणूस, वर घोडी. एकानं पाहिल्याबरोबर म्हटलं, "घोडीनं पाडलं!" दुसऱ्यानं तेच म्हटलं. त्यांना खाटेवर घालून नेईपर्यंत सगळ्या गावाला ते ठाऊक झालं होतं. डोळ्यानं पाहिलं का, असं त्या दिवशी कुणीच कुणाला विचारलं नाही. बांधीत चिखलात उभ्या असलेल्या बाईला तर कोण विचारतो!

गोंदियाला ऑपरेशन झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा नागझिऱ्याला पर्यटकांची जीप चालवतो. तो दवाखान्यात बसला होता. गावची माणसं भेटायला गेली आणि म्हणाली, "पाणकर, घोडीनं पाडलं ना जी?"

ते म्हणाले, "हं."

एवढंच. त्या एका हुंकारानं लाखोरी पाडणारी घोडी झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, आता घोड्यावर बसणं नाही. घरी आले तेव्हा त्यांची खाट छपरीत टाकली. समोर गोठा. खाटेवर ते, खुंट्याला लाखोरी. दोघांना हलायची सोय नव्हती. त्यांना उताणंच पडून राहायचं होतं, आणि घोडीला कुणी भीतीनं सोडत नव्हतं. तिची दोरी आखूड केली. ती एकाच जागी पाय आपटून आपटून माती उकरायची. तिथं खड्डा पडला. मी पाणी पाजायला जायची तेव्हा मलाच त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं.

कोहमाऱ्याचा एक घोडीवाला आला. त्याच्याकडे वरातीच्या दोन घोड्या होत्या. एक म्हातारी झाली होती, म्हणून त्याला तरणी घोडी पाहिजे होती. चांगला माणूस. आल्याबरोबर त्यानं खूर उचलून पाहिले, दात पाहिले, मानेवर थोपटलं. त्याला घोडी आवडली. पण तो चहाच्या टपरीवर थांबूनच आला होता.

"पाणकर, ये गिराती है क्या?"

ते छपराकडे पाहत राहिले. 

घोडीवाला उठला. म्हणाला, "नवरदेव पडला तर लोक मलेच मारतील जी." आणि गेला.

मुलगा वैतागला. त्याला दोन दिवसांनी कामावर जायचं होतं. बायकोनं सासऱ्याचं करायचं का घोडीचं? त्यानं एका दलालाला फोन केला. तो जनावरं वीटभट्टीवर माती वाहायला नेतो. तिथं कुणी पाठीवर बसत नाही, त्यामुळे पाडायचा प्रश्न नाही. तिथं गेलेलं जनावर परत आलेलं मी पाहिलेलं नाही. दलाल दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन येणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन गेले. ते जागे होते. मी लाखोरीपुढं बादली ठेवली आणि म्हणाले, "लाखोरे, तू उद्या वीटभट्टीवर जाऊन राहिली म्हने."

मी बादली तिच्या तोंडाशी सरकवली.

"तू पाडली म्हनते सारा गाव. मी त निंदा काढून राहिली होती. पन माही मान वर होती."

 घोडी पाणी पीत होती.

"लाखोरे," ते म्हणाले, "इचार तिले. डोयानं पायलं का?"

"पायलं," मी म्हटलं. "पाळ खचली होती म्हनून तू थांबली. मालकानं गोटा नाही तिथं पाय टाकला. लहान लेकरालेबी दिसलं असतं, तिथं गोटा नाही."

"इतके दिवस काऊन नाही सांगतली?"

"कोनं इचारलंच नाही."

मग ते घोडीला सगळं बोलले. दोन वर्षांपासून नजर जात होती. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. कुणाला सांगितलं नाही. पाळीवर घोडीच त्यांना फिरवायची. पाण्याची खोली ते हात घालून पाहायचे, पाटातला चिखल बोटांनी चाचपायचे. "लाखोरे, डोये गेले म्हनलं त हे लोक दोन सालचा सारा पानी उपसून काढतील. आंधळ्यानं निवाडे केले म्हनतील. माह्या बापाचं नाव जाईल."

आता कळलं? माझी बांधी वाळली ती त्याच दोन वर्षांत. ज्यानं मला डोळ्यानं पाहून ये म्हटलं, त्याला स्वतःलाच दिसत नव्हतं. मला राग आला. अजूनही आहे. मी खोटं कशाला लिहू?

"जाईल," मी म्हणाले. "नाव जाईल, नाहीतर तू जाशील, लाखोरे. दोन्हीतलं एक जाईलच. सांग मालकाले."

त्यांनी मान गोठ्याकडे वळवली. मग हळूच विचारलं, "घोडी कोनीकडं तोंड करून उभी आहे?"

खाटेपासून ती पाच पावलांवर होती.

"तुमच्याकडंच," मी म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलले, आणि ते माझ्या लक्षात घरी आल्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी दलाल यायच्या आधी त्यांनी मुलाला सांगून तलावाच्या पाण्यावरची सगळी माणसं आंगणात बोलावली. कोहमाऱ्याच्या घोडीवाल्यालाही बोलावलं. उशा लावून उठून बसले. घाम फुटला होता, दुखत असेल.

म्हणाले, "घोडीनं नाही पाडलं. मी पडलो. माहे डोये गेले. दोन साल झाले."

 मग मागून एकजण उठला. त्याच्या पाटाचा निवाडा आदल्या वर्षी त्याच्या विरोधात गेला होता. "मंग माहा निवाडा कोनं केला जी?"

त्यांनी गोठ्याकडं बोट दाखवलं. बोट जरा चुकलं, तणसाच्या ढिगाकडं गेलं.

"तिनं," म्हणाले. "ती थांबे तिथं मी हात घातला. पान्याले खोटं बोलता येत नाही. पन मी खोटा बोललो, घोडीवर घातलो. तुमाले जे म्हनाचं ते म्हना."

लोकांनी म्हटलंच. दोघे-तिघे हसले, बाकीचे उठून गेले. जाताना कुणी रामराम केला नाही. मी गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होते. मलाही एकानं विचारलं, "तुमचीबी बांधी सुकली होती ना व बाई?" मी म्हटलं, "सुकली होती. पन पाणकर पडले तवा मी पायलं, अन घोडी उभी होती. तेवढं मले ठाऊक आहे."

घोडीवाला त्या गडबडीत शांतपणे लाखोरीवर बसला. गल्लीतून दोनदा फिरून आला. परत येताना आंगणाच्या नालीशी ती थांबली आणि काही केल्या हलेना. तो हसला. "इसको नाली का शौक है क्या?" म्हणाला, आणि पैसे मोजून तिला घेऊन निघाला. दलालाची गाडी आली तेव्हा खुंटा रिकामा होता.

जाताना लाखोरीनं मागं वळून पाहिलं वगैरे काही झालं नाही. घोडी ती. चालायला मिळालं म्हणून दुडक्या चालीनं गेली.

पुढं मुलानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं सांगितलं. पाणी वाटायचं काम एका तरण्या माणसाकडे गेलं. तो फोनमध्ये फोटो काढून निवाडे करतो. त्यांच्या आंगणात भांडत येणारं कुणी राहिलं नाही.

आमच्या दोघांच्या मधे सांगायलाही कुणी उरलं नाही. मी भाजी नेऊन द्यायची, सुनेच्या हाती. ते छपरीत. पुढच्या पावसाळ्यात एकदा झड लागली होती तेव्हा ते रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून म्हणाले, "लाखोरे, सलांगावरून पानी जाऊन राहिला का?" सलांग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून सांडतं ती जागा.

मी खुंट्याला सांगितलं, "जाऊन राहिला."

मी पाहिलं नव्हतं. तरी सांगितलं.

त्याच पावसाळ्यात ते गेले.

गेल्या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावला भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. चार वाजताची वरात. गोंड्यांनी आणि झालरींनी सजवलेली घोडी पाहिली आणि मी ओळखली. अंगानं भरली होती. नवरदेव वर ताठ बसला होता. रस्त्याखालून नाली जाते तिथं घोडी थांबली. बँड पुढं गेला, मागं आला. पोरांनी ओढली, नवरदेवानं टाच मारली. घोडीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "हर शादी में यही! थोडा रुको, चलेगी."

मी पुढं झाले. नालीच्या तोंडाशी जेवणाच्या पत्रावळ्या अडकून पाणी तुंबलं होतं. मी लुगडं सावरून खाली वाकले आणि हातानं पत्रावळ्या ओढून काढल्या. लोक म्हणाले, म्हातारी काय करून राहिली?

पाणी खळखळ वाहू लागलं. लाखोरीनं कान टवकारले. क्षणभर तशीच थांबली, कुणीतरी वर यायची वाट पाहिल्यासारखी. मग चालू लागली.

मी हात लुगड्याला पुसले आणि वरातीच्या मागं गेले.