पेशीवरचं औषध

धुळ्याच्या कॉलेजात मी धिंगरी अळंबीवर संशोधन करत होते, तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. उकिरड्यावर फुकट उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांसाठी पोरगी एवढी शिकली, असं माझं कौतुक चाले. धरणगावच्या माझ्या आत्याने मात्र, तिला सगळे अक्का म्हणत, शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळक्या काड्या, मला गाडीभर दिल्या. त्या बारीक तोडायच्या, गरम पाण्यातून काढायच्या, पिशव्यांत भरायच्या आणि त्यांवर धिंगरी वाढवायची. तिचा अर्क मग तपासायला मुंबईला जाई. अळंबीतल्या द्रव्यांपासून पुढेमागे कॅन्सरवर औषध होईल अशी आशा होती, आणि ती मी चारचौघांत जरा फुगवूनच सांगे.

आणि अक्कालाच स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पुढे मुंबईला जाऊन केमोच्या सुया घ्यायच्या होत्या. त्या सुयांनी केस जातात हे कळल्यावर तिने वेणी घट्ट धरली आणि जाहीर केलं, की घरात भाचीचं औषध असताना मुंबई कशाला? धिंगरीचं भरीत करून ती दोन्ही वेळ खाऊ लागली. वर लसूण-मिरचीची फोडणी. भरीत झकास व्हायचं, पण ते औषध नव्हतं.

समजावून समजावून मी थकले. शेवटी वैतागून म्हणाले, "अक्का, हे औषध अजून माणसापर्यंत आलेलंच नाही. आत्ता कुठे पेशींवर चाललंय."

अक्काचा घास थांबला. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी तिचा कित्येक वर्षं दावा चालू होता, आणि कोर्टाच्या तारखेला आमच्याकडे पेशीच म्हणतात.

"आजून पेशीवरच शे?" ती म्हणाली. "मंग निकाल लागे तवलोंग मी जित्ती ऱ्हासू का?"

शरीरातल्या पेशी वेगळ्या, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मुंबईसाठी पिशवी भरली.

सुया झाल्या. केस गेले आणि परत आले ते कुरळे. आरशात बघून ती स्वतःच हसत सुटायची. काही वर्षांनी बांधाचा निकाल तिच्या बाजूने लागला, तेव्हा पेढे घेऊन ती धुळ्याला आली. माझा अर्क काचेच्या बशीत बरा वागला होता, पण त्यापुढे सरकला नव्हता.

"मन्हा निकाल लागना, माय," माझ्या हातावर पेढा ठेवत ती म्हणाली. "तुन्हा?"

"अजून पेशीवरच, अक्का."

"चालू दे," ती म्हणाली. "वाट देखाले मी शे ना."