पेरूवर टांगलेल्या सतरा डिस्क

माझा अडतीस वर्षांचा मुलगा पेरूच्या शेंड्याला लोंबकळत मला शिव्या घालत होता, आणि पाय कुठे ठेवायचा ते मी त्याला खालून सांगत होते.

"आई, तू बोलूच नको!"

"बरं. पण डावा पाय उचल, ती फांदी किडलीय."

झालं होतं असं. हेमंतने व्हिडिओ गेमचं नवीन मशीन आणलं. त्याला डिस्क घालायला फटच नाही! सून सायली म्हणाली, "आता सगळं डिजिटल, आई. गेम नेटवरून सरळ मशीनमध्ये येतो. त्या जुन्या डिस्क म्हणजे भंगार."

मी चौथी पास. ऑफिसात जाणारी सून भंगार म्हणाली म्हणजे भंगार. पण आम्ही वाडीवाले. आमच्यात भंगार टाकत नाहीत, वापरतात. पेरूवर पोपट उतरत होते. सतरा डिस्कच्या भोकांतून सुतळी ओवली आणि झाडभर टांगल्या. काय चमकत होत्या! (लग्नात माझ्या अंगावरसुद्धा इतकं काही चमकलं नव्हतं.) रिकाम्या डब्यांत भेंडीचं बी भरून ठेवलं.

रविवारी हेमंतने पोटमाळ्यावरून जुनं मशीन काढलं, एक डबा उघडला, आणि बी लादीवर सांडलं.

"आई! यातली डिस्क कुठाय?"

"कुठली?"

"गाड्यांच्या शर्यतीची! बाबांची!"

आमच्या ह्यांना साधी सायकल येत नव्हती. पण त्या गेममध्ये रोज संध्याकाळी हेमंतबरोबर गाडी पळवायचे आणि रोज समुद्रात घालायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हेमंत अजून अधूनमधून ती शर्यत लावतो.

"मग तीच नव्या मशीनमध्ये घे ना उतरवून," मी म्हटलं.

सायलीने शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. "कंपनीने तो गेम काढून टाकलाय. आता नेटवर विकतच नाहीत."

"म्हणजे तुमचं डिजिटलही भंगारात जातं?"

"भंगारात गेलं असतं तर शोधून तरी आणलं असतं, आई!"

सगळे वाडीत धावलो. पोपटांनी पेरूही खाल्ले होते आणि डिस्कवर घाणही करून ठेवली होती. हेमंत झाडावर चढून एकेक खाली टाकू लागला. चूक माझी, तर मदतही मीच करावी, म्हणून नळाखाली बसून नारळाचा काथ्या आणि राख घेऊन एकेक डिस्क लख्ख घासली.

सायली किंचाळली, "आई, कुठली बाजू घासलीत?"

"दोन्ही! मी काय कामचुकार आहे?"

सोळा घासून झाल्या होत्या. त्यांत शर्यतीची नव्हती. ती शेंड्याला होती. हेमंतने हात लांबवला, ओरडला, "मिळाली!" आणि फांदी मोडली. पोरगा धाडकन अळवात! पण डिस्कचा हात वर. चिखलाचा एक थेंब तिच्यावर उडू दिला नाही.

मी काथ्या घेऊन धावले. "आण इकडे, मी देते पुसून!"

तो मुरगळलेला घोटा विसरून उठला.

ती डिस्क चालली. घासलेल्या सोळांवर चरे पडले होते, त्यातली एकही चालली नाही. हेमंत पंधरा दिवस लंगडला. आणि मी जिवंत राहिले, कारण सून मध्ये उभी राहिली.